दाढ काढली तरी गालातली कळ जाईना? दुखणं नसेचं असू शकतं; कोणता उपचार खरंच लागू पडतो, वाचा

मूर्तिजापूर : तोंड धुताना गालाला ओला हात लागतो आणि जबड्यात करंट बसावा तशी कळ जाते. चार-सहा सेकंदांत थांबते. भाकरीचा घास चावला की पुन्हा तीच कळ. एसटीत खिडकीजवळ बसलं, वारा लागला, पुन्हा तीच. माणूस बोलायचं टाळतो, जेवायचं टाळतो, गालावर रुमाल धरून बसतो. घरचे म्हणतात, दाढ किडली असेल. दाढ काढली जाते. पंधरा दिवस बरं वाटतं आणि कळ परत येते. मग शेजारच्या दाढेचा नंबर लागतो.

असं दुखणं दातांचं नसून चेहऱ्याच्या नसेचं असू शकतं. डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. अभिनेता सलमान खान याला हाच आजार होता आणि २०११ मध्ये त्याने अमेरिकेत जाऊन त्यावर उपचार घेतले. तेव्हापासून हे नाव बऱ्याच जणांच्या कानावरून गेलं आहे. आजार विरळ आहे. लाखभर लोकांमागे वर्षाला साधारण ४ ते १३ नवे रुग्ण, असा जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज सांगितला जातो. पण ज्याला होतो त्याचं खाणं-पिणं, झोप, काम सगळं बिघडतं.

चांगली गोष्ट अशी की यावर उपचार आहे आणि पहिली गोळी महाग नाही. अडचण वेगळीच आहे. हे दुखणं मधेच आपोआप थांबतं आणि काही दिवसांनी परत येतं. त्यामुळे थांबण्याच्या आधी जे काही केलेलं असतं, मग ते दाढ काढणं असो, झाडपाला असो की एखादं इंजेक्शन, गुण त्यालाच आला असं वाटतं. खरा गुण कशाचा, हे शोधायला डॉक्टर गेली साठ वर्षं चाचण्या घेत आहेत. त्या चाचण्यांतून काय कळलं आणि आपल्या तालुक्यातल्या रुग्णाने काय करावं, याची ही माहिती.

नेमकं बिघडतं काय?

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला मेंदूतून एक जाड नस येते. मेंदूतून निघणाऱ्या नसांमध्ये तिचा क्रमांक पाचवा. पुढे तिच्या तीन फांद्या होतात. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा आणि खालच्या दातांकडे जाते. तीन फांद्या म्हणून तिचं नाव ट्रायजेमिनल. स्पर्श, गरम-थंड, दुखणं ही खबर मेंदूपर्यंत नेणं हे तिचं काम.

ही नस मेंदूतून जिथे बाहेर पडते, तिथे बऱ्याच रुग्णांत एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. रक्तवाहिनी प्रत्येक ठोक्याला उडते आणि वर्षानुवर्षं नसेला घासते. विजेच्या वायरवरचं प्लॅस्टिक घासून निघालं की वायर शॉर्ट होते, तसंच इथे नसेवरचं आवरण झिजतं. मग गालाला झालेला साधा स्पर्शही मेंदूपर्यंत जबर कळ बनून पोचतो. दाढ निरोगी असते, पण दुखणं दाढेतच जाणवतं, कारण दाढेची खबर नेणारी वायर हीच आहे. काही रुग्णांत कारण दुसरं असतं. नसेजवळ गाठ असते किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मेंदूचा आजार असतो.

हा आजार बहुतेक पन्नाशीनंतर होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. तो संसर्गाने पसरत नाही. बाहेरबाधा, नजर याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दाताचं दुखणं की नसेचं?

नसेच्या दुखण्याच्या खुणा अशा :

- कळ करंट लागल्यासारखी, टोचल्यासारखी. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. मग एकदम थांबते आणि पुन्हा येते.
- चेहऱ्याच्या एकाच बाजूला. बहुतेकदा गाल किंवा जबड्यात.
- क्षुल्लक कारणाने सुरू होते : दात घासणं, दाढी करणं, चावणं, बोलणं, तोंड धुणं, वारा लागणं.
- दोन झटक्यांच्या मधे बऱ्याच जणांना काहीच दुखत नाही. काहींना मात्र हलका ठणका राहतो.
- झोपेतून उठवणारी कळ तुलनेने कमी.

दाताचं दुखणं वेगळं असतं. ते तासन् तास ठणकतं, गरम-थंड लागलं की वाढतं आणि काही वेळ राहतं. हिरडी सुजते, दातावर टिचकी मारली की दुखतं, रात्री जास्त त्रास होतो. जबड्याच्या सांध्याचं दुखणं कानासमोर असतं आणि तोंड उघडताना कट्कट् आवाज येतो. सायनसचं दुखणं सर्दीसोबत येतं आणि खाली वाकलं की वाढतं. नागीण झाल्यावर फोड सुकतात, पण त्या जागेची आग महिनोन् महिने राहू शकते. तेही नसेचंच दुखणं, मात्र त्याचा उपचार वेगळा आहे.

म्हणून सुरुवातीला दाताच्या डॉक्टरांकडे जाण्यात काहीच चूक नाही. दाताचा एक्स-रे काढावाच. हा आजार पहिल्यांदा ओळखणारे पुष्कळदा दाताचे डॉक्टरच असतात. एक्स-रेमध्ये दाढ चांगली दिसत असेल आणि कळ वर सांगितल्यासारखी असेल, तर दाढ काढायचा हट्ट रुग्णाने धरू नये. काढलेली दाढ परत येत नाही.

या खुणा असतील तर लवकर दाखवा

- गाल किंवा ओठ बधिर झाला आहे.
- कळ दोन्ही बाजूंना आहे किंवा रुग्णाचं वय चाळिशीच्या आत आहे.
- सोबत ऐकू कमी येतं, एकाचे दोन दिसतात किंवा तोल जातो.
- तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा किंवा गाठ आहे, तोंड कमी उघडतं. खर्रा, तंबाखू, गुटखा खाणाऱ्याने हे अजिबात अंगावर काढू नये. तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यावी.
- पन्नाशीनंतर नव्याने कानशिलाजवळ दुखायला लागलं आणि नजर धूसर झाली. हे रक्तवाहिनीच्या सुजेमुळे असू शकतं. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होतं. रक्त तपासून तो दिसत नाही. गाठ किंवा दुसरं कारण नाही ना, आणि नसेवर रक्तवाहिनी टेकली आहे का, हे पाहायला एमआरआय करतात. म्हणून डॉक्टरांना कळ कशी येते, किती सेकंद राहते, कशाने सुरू होते हे नीट सांगावं. चार दिवस वहीत लिहून ठेवलं तर उत्तम.

फसवा गुण, आणि शेतातला कंट्रोल प्लॉट

हा आजार लाटांसारखा येतो. काही आठवडे रोज पन्नास झटके, मग काही महिने काहीच नाही. काही जणांना तर वर्षभरही आराम पडतो. माणूस उपचार कधी करतो? दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. त्यानंतर ते कमी होणारच असतं. त्यामुळे त्या आठवड्यात जे केलं, त्याला गुण आला असं मनापासून वाटतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण त्याच्या अनुभवावरून उपचार ठरवता येत नाही.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. पाऊस चांगला झाला त्या वर्षी कोणतंही नवं खत टाकलं तरी सोयाबीन चांगलंच पिकतं. खत खरंच कामाचं आहे का, हे पाहायचं तर त्याच शेतात, त्याच पावसात, काही पट्ट्यांत खत टाकायचं आणि काही तसेच सोडायचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नव्या वाणांची आणि खतांची परीक्षा अशीच होते. तुलनेसाठी ठेवलेल्या पट्ट्याला कंट्रोल प्लॉट म्हणतात.

औषधाची चाचणीही तशीच असते. एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला कोणती हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. चाचणी संपेपर्यंत रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. शेवटी दोन्ही गटांत किती जणांना आराम पडला ते मोजतात. दोन्हीकडे सारखाच आराम असेल तर औषधाचा गुण शून्य.

हे किती गरजेचं आहे ते डेन्मार्कमधल्या एका चाचणीवरून कळतं. मायग्रेनवर चालणारं एरेनुमॅब नावाचं नवं, महागडं इंजेक्शन या आजारावरही चालेल अशी आशा होती. ८० रुग्णांवर चाचणी झाली. ४० जणांना खरं इंजेक्शन, ४० जणांना औषध नसलेलं. निकाल २०२२ मध्ये जाहीर झाला. खऱ्या इंजेक्शनने शंभरात ३५ जणांना आराम पडला आणि औषध नसलेल्या इंजेक्शनने शंभरात ४५ जणांना. तुलनेचा गट नसता, तर ‘शंभरात पस्तीस जणांना गुण’ अशी जाहिरात झाली असती आणि लोकांनी त्यापायी पैसे घालवले असते.

पाण्यासारख्या इंजेक्शनने ४५ जणांना बरं वाटलं, कारण दुखणं आपल्या आपण उतरणीला लागलं होतं आणि उपचार सुरू झाल्याचा दिलासाही होता. दाढ काढल्यावर पंधरा दिवस बरं वाटतं, त्याचं कारणही बरंचसं हेच.

मिरगीची गोळी चेहऱ्याच्या दुखण्यावर कशी?

या आजारावर पहिली गोळी आजही कार्बामॅझेपिन. मेडिकलवाल्याने ‘ही तर मिरगीची गोळी’ म्हटलं की बरेच जण घाबरून घेतच नाहीत. डॉक्टरने चूक केली असं वाटतं. चूक नसते. मिरगीत मेंदूच्या पेशी नको तेव्हा झटके सोडतात आणि या आजारात चेहऱ्याची नस तेच करते. ही गोळी नसेतला हा अतिरेकी करंट आवरते. ती साधी दुखण्याची गोळी नाही. उलट पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही. त्या वारेमाप खाल्ल्या तर पोटाला आणि किडनीला त्रास मात्र होतो.

१९६२ मध्ये सिगफ्रिड ब्लॉम या स्वीडिश डॉक्टरांनी ही गोळी या आजारावर चालते असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कळवलं. पण तेवढ्यावर कोणी थांबलं नाही. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये ७७ रुग्णांवर चाचणी झाली. प्रत्येक रुग्णाला दोन आठवडे खरी गोळी, दोन आठवडे औषध नसलेली गोळी, अशा आलटून-पालटून पाळ्या दिल्या. म्हणजे प्रत्येक जण स्वतःच स्वतःचा कंट्रोल प्लॉट. खऱ्या गोळीच्या पाळीत दुखणं स्पष्टपणे कमी झालं. पुढे इतर चाचण्यांतही असंच दिसलं. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही दीर्घकाळच्या उपचारासाठी कार्बामॅझेपिन आणि तिची जवळची नातलग ऑक्सकार्बाझेपिन याच पहिल्या पसंतीच्या गोळ्या आहेत.

कार्बामॅझेपिन आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. शासकीय रुग्णालयात आणि जनऔषधी दुकानात तिची चौकशी करावी.

गोळी चालू असताना काय सांभाळायचं?

गोळी कमी मात्रेने सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. स्वतःहून वाढवू नये, एकदम बंदही करू नये. दुखणं बरेच दिवस थांबलं तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येते.

- झोप आणि चक्कर : सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. त्या दिवसांत मोटरसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीत उतरू नये, थ्रेशरजवळ काम करू नये. दारू पूर्ण बंद.
- अंगावर पुरळ : ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप आला, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठावं. ही स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन असू शकते. तिचा धोका काही माणसांच्या रक्तातल्या एचएलए-बी १५०२ या आनुवंशिक खुणेमुळे वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००७ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यांच्या माहितीनुसार भारतीयांमध्ये ही खूण साधारण शंभरात २ ते ४ जणांत आढळते. रक्ताची तपासणी होऊ शकत असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.
- सोडियम कमी होणं : म्हातारी माणसं आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणारे यांच्यात जास्त. माणूस बरळतो, सुस्त पडतो. रक्ततपासणीत कळतं.
- दुसऱ्या गोळ्या : गर्भनिरोधक गोळी आणि रक्त पातळ करणारी काही औषधं या गोळीमुळे कमी चालतात. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर आधी सांगा.

दुसरी औषधं : कुठे आशा, कुठे निराशा

पहिली गोळी सोसवत नसेल तर लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन अशी औषधं एकटी किंवा जोडीला देतात. त्यांच्या या आजारावरच्या चाचण्या लहान आहेत. बॅक्लोफेनची १९८४ ची चाचणी अवघ्या १० रुग्णांवर झाली होती, तर लॅमोट्रिजिनची १९९७ ची १४ रुग्णांवर. आजार विरळ असल्याने एका दवाखान्यात पुरेसे रुग्ण सापडत नाहीत आणि ज्याला असह्य कळा येताहेत त्याला आठवडेच्या आठवडे औषधाविना ठेवणंही बरोबर नाही. या आजाराचं संशोधन रखडतं ते मुख्यतः याच दोन कारणांनी.

यावर संशोधकांनी एक तोडगा काढला. व्हिक्सोट्रिजिन या नव्या गोळीच्या चाचणीत आधी सगळ्या ६७ रुग्णांना तीन आठवडे खरी गोळी दिली. ज्यांना आराम पडला अशांपैकी २९ जणांना मग दोन गटांत वाटलं; एका गटाची गोळी चालू ठेवली, दुसऱ्याला औषध नसलेली दिली. खऱ्या गोळीवर शंभरात ३३ जणांचा उपचार फसला, दुसऱ्या गटात शंभरात ६४ जणांचा. आकडे चांगले दिसतात, पण माणसं इतकी थोडी होती की हा फरक योगायोगाचाही असू शकतो असं गणित निघालं. २०१७ मध्ये निकाल छापताना संशोधकांनी तसं स्पष्ट लिहिलं.

गालात टोचायच्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचीही चाचणी झाली आहे. २०१२ मध्ये छापलेल्या चीनमधल्या ४२ रुग्णांच्या चाचणीत खऱ्या इंजेक्शनने शंभरात ६८ जणांना आराम पडला, औषध नसलेल्या इंजेक्शनने १५ जणांना. हा उपचार आशादायक आहे, पण परिणाम काही महिनेच टिकतो, खर्च होतो आणि काही दिवस गाल किंचित वाकडा दिसू शकतो.

आयुर्वेदात सुश्रुतसंहितेत सांगितलेला ‘अनंतवात’ हा याच दुखण्याशी मिळताजुळता मानला जातो. वैद्यांचा उपचार घ्यायचा असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे घ्यावा आणि चालू गोळी आपल्या मनाने सोडू नये. गालावर बिब्बा लावणं, डाग देणं, कानात तेल-रस घालणं मात्र टाळावं. त्याने कातडी जळते, कानाचा पडदा खराब होतो आणि नस आहे तशीच राहते.

ऑपरेशन कधी आणि कोणतं?

गोळ्यांनी आराम पडत नसेल किंवा त्या सोसवत नसतील, तर ऑपरेशनचा विचार होतो. मुख्य मार्ग तीन.

१. रक्तवाहिनी नसेपासून दूर करणं. कानामागे कवटीला छोटं भोक पाडून, मायक्रोस्कोपखाली नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवतात. याला एमव्हीडी म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रूढ केली. सुरुवातीला पुष्कळांचा विश्वास बसला नाही. जॅनेटांच्या गटाने १९९६ मध्ये ११८५ रुग्णांचा हिशेब मांडला. ऑपरेशननंतर दहा वर्षांनीही शंभरात ७० जण गोळीशिवाय कळमुक्त होते. त्यात २ जण ऑपरेशननंतर लवकरच दगावले आणि १६ जणांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं, हेही त्यांनी लपवलं नाही. फायदा सगळ्यात जास्त टिकणारा, पण हे मेंदूजवळचं मोठं ऑपरेशन आहे. अनुभवी न्यूरोसर्जनकडेच करावं.

२. गालातून सुई घालून नसेला बधिर करणं. कवटी उघडावी लागत नाही. सुईतून उष्णता देतात, ग्लिसरॉल सोडतात किंवा छोटा फुगा फुगवून नस दाबतात. वय जास्त असलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या रुग्णांना सोयीचं. गाल थोडा बधिर राहतो आणि दुखणं परत येऊ शकतं. दिल्लीच्या एम्समध्ये ७९ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली, निकाल २०१२ मध्ये छापला गेला. उष्णतेच्या पद्धतीने शंभरात सुमारे ८५ जणांना उत्तम आराम पडला, ग्लिसरॉलने ५९ जणांना. पण पुढे, आराम पडलेल्यांपैकी उष्णतेच्या गटात निम्म्या जणांचं आणि ग्लिसरॉलच्या गटात शंभरात ३९ जणांचं दुखणं परत आलं. म्हणून रुग्णाने दोन प्रश्न विचारावेत : आराम किती जणांना पडतो, आणि तो किती दिवस टिकतो?

३. गामा नाइफ. नावात सुरी असली तरी चिरफाड नाही. किरणांचा नेमका मारा नसेच्या मुळावर करतात. गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. महाराष्ट्रात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ही सोय आहे.

यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? इथे चाचण्या तोकड्या पडतात. ऑपरेशनची ‘खोटी गोळी’ देता येत नाही. २०११ मध्ये जगभरातल्या ऑपरेशनच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कशाबशा ११ मिळाल्या, सगळे मिळून ४९६ रुग्ण. म्हणून ‘शंभर टक्के गॅरंटी’ असं कोणी सांगितलं, तर सावध व्हावं.

मूर्तिजापूरच्या रुग्णाने जायचं कुठं?

पहिली पायरी उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. ई-संजीवनी या सरकारी सेवेतून मोबाइलवरही डॉक्टरांशी बोलता येतं. पुढे अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय किंवा अमरावतीचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, ज्याला लोक सुपर स्पेशालिटी म्हणतात. दोन्ही रेल्वेच्या रस्त्यावर आहेत. निघण्याआधी मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा ओपीडीचा वार विचारून घ्यावा, म्हणजे खेप वाया जात नाही. ऑपरेशनसाठी नागपूरचं मेडिकल, नागपूर एम्स, वर्ध्याजवळचं सावंगी मेघे हे पर्याय पाहता येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरलेले उपचार मिळतात. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का आणि कोणत्या रुग्णालयात, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या नंबरवर विचारावं. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात.

सततच्या कळेने माणूस मनाने खचतो. ‘दाढदुखीचं एवढं काय’ असं घरच्यांनी म्हणू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करत असेल तर त्याला एकटं सोडू नये. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आहे.

चाचणीत भाग घ्या म्हटलं तर?

मोठ्या रुग्णालयात गेल्यावर कधी एखाद्या संशोधनात भाग घेण्याबद्दल विचारलं जातं. घाबरून नाही म्हणायची गरज नाही, घाईने हो म्हणायचीही नाही. भारतात जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं बंधनकारक आहे आणि २०१९ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी रुग्णाला हक्क दिले आहेत. अंगठा किंवा सही करण्याआधी हे पाहावं :

- चाचणीचा सीटीआरआय नंबर काय? तो इंटरनेटवर कोणालाही तपासता येतो.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत आहे का? त्याची एक प्रत आपल्याला मिळायला हवी. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा.
- मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का? कळ असह्य झाली तर काय देणार?
- चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जातात का? मागितले तर शंका घ्यावी.
- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे.
- मधेच कधीही बाहेर पडता येतं. त्यामुळे नेहमीचा उपचार बंद होत नाही.

आज मेडिकलवर जी गोळी मिळते, ती साठ वर्षांपूर्वी कोणीतरी आलटून-पालटून खरी आणि खोटी गोळी खाऊन दुखण्याची नोंद ठेवली म्हणून मिळते.

थोडक्यात

गालात सेकंदभराची करंटसारखी कळ येत असेल आणि दाढ एक्स-रेमध्ये चांगली असेल, तर दाढ वाचवा आणि नस तपासा. मिरगीची गोळी लिहून दिली म्हणून घाबरू नका. पुरळ आलं तर मात्र लगेच दवाखान्यात जा. गोळीने भागत नसेल तर ऑपरेशनचे पर्याय आहेत. आणि कोणी ‘अमक्याने मला गुण आला’ म्हटलं, तर शेतातला कंट्रोल प्लॉट आठवा : ते केलं नसतं तर काय झालं असतं?

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)